अंथरूण कुणाचं, पाय कुणाचे

उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे उज्जैनला आठ दिवस राहून आले. तिचं सासर शिंद्यांच्या काळापासून माळव्यात मुरलेलं, त्यामुळे घरच्या मराठीला हिंदीची चांगलीच फोडणी. आमची आई गोकाककडची. साहजिकच आम्हा बहिणींची गुपितं कन्नडात चालतात. सासरच्यांना कळत नाही ही सोय आम्ही वीस-बावीस वर्षं वापरतोय.

या वेळी गुपित होतं भाचीचं. पोरगी बारावीला छान गुण घेऊन पास झालेली. म्हणते, मानसशास्त्रात बी.ए. करणार, तेही बंगळूरच्या एका खाजगी कॉलेजात. फी, वसतिगृह, खानावळ धरून वर्षाला दोन लाखांच्या घरात. मेव्हण्यांनी शैक्षणिक कर्जाची माहिती काढून ठेवलेली. त्यांचं वय छप्पन्न, साठाव्या वर्षी निवृत्ती.

रात्री जेवणं झाल्यावर मी दुधाच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. तीन वर्षांत ६ लाख कर्ज, व्याज १० टक्के धरलं. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, हे खरं. व्याज मात्र झोपत नाही. पहिल्या २ लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. सरळ व्याजानेसुद्धा १ लाख ८० हजार होतात. म्हणजे फेड सुरू होताना देणं ७ लाख ८० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १० हजार ३०० रुपये. आणि हा हप्ता सुरू कधी होणार? मेव्हण्यांचा पगार थांबेल त्याच सुमाराला. कर्जावर सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच.

बहीण हळूच मला म्हणाली, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’ अंथरूण पाहून पाय पसरावेत, दुसरं काय!

भाची पाणी प्यायला उठली होती. तिथूनच म्हणाली, ‘मावशी, मला कन्नड कळतं. दादाच्या वेळी अंथरूण लांब होतं का?’

आम्ही दोघी गप्प. दादाला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवलं तेव्हा घरात कागद-पेन कुणी घेतलं नव्हतं. मुलगा आहे, फेडेल, एवढाच हिशेब. त्याचा शेवटचा हप्ता दोन वर्षांपूर्वी गेला, त्यातले बरेचसे बापाच्या खिशातून. मुलीच्या वेळी मात्र आकडे दशांशापर्यंत! पोरीचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

पण अन्याय खरा म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन सांदीपनी आश्रमात गेले. कृष्ण-बलराम इथे ६४ दिवसांत ६४ कला शिकले, अशी कथा. फी आधी घेतली नव्हती. शिक्षण संपल्यावर गुरूंनी दक्षिणा मागितली, ती म्हणजे समुद्राने नेलेला मुलगा परत आणून द्या! भाची म्हणाली, ‘यापेक्षा बँक बरी.’ हसली, तेव्हा बोलायला सोपं गेलं.

तिला डॉक्टरांच्या बरोबरीने रुग्णांसोबत काम करायचं आहे. आमच्याकडे अजूनही कुणाला वेडगळ म्हणायचं तर ‘धारवाडला न्या’ म्हणतात, कारण तिथलं मनोरुग्णालय १८४५ पासूनचं. आता तेच डिम्हान्स. तिला म्हटलं, तिथे किंवा बंगळूरच्या निम्हान्समध्ये उपचार करणारी म्हणून उभं राहायचं तर साधी बी.ए. पुरत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याप्रमाणे. त्यासाठी बी.ए.नंतर एम.ए. आणि पुढे मान्यताप्राप्त ठिकाणी रुग्णालयातलं प्रशिक्षण. सध्या या अभ्यासक्रमांची नावं आणि वर्षं बदलताहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्था शोधायची. घरी बसून स्वस्तात करीन म्हणशील, तर तो रस्ताही मिटला. यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण थांबवलं.

नुसत्या बी.ए.वर काय मिळतं? आमच्या गल्लीतली एक मुलगी हुबळीला एका ऑफिसात मनुष्यबळ विभागात लागली, अठरा हजारांवर. खोलीचं भाडं आणि जेवण गेल्यावर तिच्याकडे १० हजार ३०० उरले असते का, हे भाचीनेच बोटांवर मोजलं. नोकरी वाईट नाही. पण सहा लाखांचं कर्ज पहिल्याच पायरीवर संपवलं, तर खरं काम मिळवून देणाऱ्या पायरीला बँकेत कुठल्या तोंडाने जायचं? इथलं विद्यापीठ १९५७ साली विक्रम विद्यापीठ म्हणून सुरू झालं. त्याच्याशी जोडलेल्या सरकारी महाविद्यालयात बी.ए. केली, तर वर्षाची फी बंगळूरच्या एका महिन्याच्या खर्चात बसेल.

‘आणि मैत्रिणी? एकटीने राहणं? ते दादाला मिळालं,’ ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घराबाहेर राहून अंगात येणारं धाडस कुठल्या रकान्यात मांडायचं, ते मला अजून जमलेलं नाही. ती बाजू मी कमी धरली असेन, असं परतीच्या गाडीत कितीदा तरी वाटलं.

शेवटी तिने अट घातली. बी.ए. उज्जैनला करते, पण एम.ए.ला बाहेर पाठवायचं, तेव्हा कर्जाला नाही म्हणायचं नाही, आणि मधल्या काळात स्थळं बघायची नाहीत. हे लेखी हवं. बँकेत दर महिन्याला चार हजार तिच्या नावाने टाकायचं मेव्हण्यांनी आपणहून कबूल केलं. निवृत्तीपर्यंतच्या ४८ महिन्यांचे १ लाख ९२ हजार, व्याज वेगळं. स्थळांच्या कलमावर बहीण जरा अडली. मग तिनेही सही केली.

कागद भाचीने आपल्या पासबुकात ठेवला आहे. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, ती तिने मुद्दाम कन्नडात करून घेतली.