‘सरकार, भारत’ या लेखकाला कोणी पाहिलंय का?

मंडळी, मराठीतून पीएच.डी. करणाऱ्या पोरांच्या संदर्भसूचीत हे नाव हमखास भेटतं. ‘सरकार, भारत’. त्याचाच भाऊ ‘आयोग, नियोजन’. आणि सगळ्यात भारी म्हणजे ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती’. मग मार्गदर्शक सर चिडतात, कक्षातला कारकून लाल शाईनं गोल करतो आणि प्रबंध परत येतो. शेरा काय, तर ‘विद्यार्थ्यानं निष्काळजीपणा केला’.

निष्काळजीपणा पोरांचा नाही. वर्ड मोठ्या प्रबंधाला अडखळायला लागलं म्हणून काही पोरं लाटेककडे वळली. फुकट आहे, पानं सुंदर लागतात. पण त्यातली सूची लावणारा बिबटेक हा प्रोग्रॅम ओरेन पटाश्निक यांनी १९८५ साली लिहिला, इंग्रजी शोधनिबंधांसाठी. त्याचा साधा हिशोब असा की नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्याला बिचाऱ्याला मंडळ काय आणि आयोग काय! उपाय एका ओळीचा आहे. संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात टाका, म्हणजे ते फोडलं जात नाही. एवढी एक ओळ कुठल्या विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत तुम्ही वाचली आहे?

पुढची गंमत आद्याक्षरांची. आपण ‘श्री. व्यं. केतकर’ लिहितो. जुना बिबटेक नाव छोटं करताना पहिलं अक्षर घेत नाही, पहिला बाइट घेतो. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे ‘श’चा एक तृतीयांश तुकडा कापला जातो आणि कागदावर कचरा उमटतो. पोरगं रात्रभर फॉन्ट बदलत बसतं. फॉन्टचा काही संबंध नाही! आद्याक्षरं स्वतःच टाइप करा, ‘केतकर, श्री. व्यं.’ अशी, आणि नाव आपोआप छोटं करणारी शैली बंद ठेवा.

अकारविल्हे लावणं तर विचारूच नका. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला खेटून, ‘व’च्या आधी बसवलाय. त्यामुळे बिबटेकच्या यादीत काळे आधी आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणजे कावळे आधी हवेत. बिबलाटेक आणि बायबर ही नवी जोडी वापरली आणि क्रमवारीची भाषा मराठी अशी सांगितली, तर हे सुटतं. पण सूची दिसलीच नाही, नुसती ठळक अक्षरं किंवा प्रश्नचिन्हं आली, तर आधी बघा की तुमचा संपादक बायबरऐवजी बिबटेकच चालवतोय का. बहुतेक वेळा तेच असतं. क्रम असा: एकदा झीलाटेक, मग बायबर, मग पुन्हा दोनदा झीलाटेक. तरी अडलं तर जुन्या सहायक फाइली उडवा आणि बीएलजी फाइल उघडून वाचा. चूक ओळीच्या क्रमांकासकट तिथे लिहिलेली असते. कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मूळ मुद्दा. हे सगळं तालुक्याच्या गावातल्या पोरीनं एकटीनं शोधायचं का? नाही जमलं की ती जाते डीटीपीवाल्याकडे. तो पानामागे पैसे घेऊन सगळी सूची हातानं टाइप करतो. पुढे एक संदर्भ वाढला की पुन्हा पैसे. विद्यापीठ काय देतं? ‘एमएलए पद्धत वापरावी’ असं एक वाक्य आणि खाली इंग्रजी पुस्तकांची चार उदाहरणं. मराठी ग्रंथात ‘संपा.’ लिहायचं की ‘संपादक’? शके छापलेलं जुनं पुस्तक कसं नोंदवायचं? ‘क्षीरसागर’ हे ‘क’मध्ये की शेवटी? यावर चकार शब्द नाही. पण परत पाठवताना मात्र नियम आठवतो.

कोणी म्हणेल, वर्ड वापरा ना. वापरा की. तिथेही संस्थेसाठी वेगळी खूण करावी लागते, झोटेरोत नावाचा एकच रकाना निवडावा लागतो. सोय सगळीकडे आहे, सांगणारा कुठेच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. फलक लागले, पेढे वाटले, आम्हीही पहिल्या पानावर बातमी लावली. त्या भाषेत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक शैलीची फाइल आणि वीस नमुना नोंदी करायला किती खर्च येतो? मराठीचा एक जाणकार आणि संगणक विभागातला एक माणूस समोरासमोर बसवले तरी काम सुरू होईल. एकदा करा आणि संकेतस्थळावर ठेवा. तोवर ‘सरकार, भारत’वर लाल गोल करणाऱ्यांनी आधी तो गोल स्वतःच्या नियमपुस्तिकेवर करावा.

तुमच्या विद्यापीठानं अशी मराठीची फाइल खरंच दिली असेल, तर दुवा पाठवा. उद्याच्या पोस्टमध्ये विद्यापीठाच्या नावासकट टाकतो.