डोळ्यांनी घेतलेली नोंद पण नोंदच असते

रात्रीची लाईट आली की हरभऱ्याला पाणी देता देता वर बघायला वेळ मिळतो. कृत्तिकेच्या उत्तरेला ययाती, त्यात मायावती नावाची चांदणी. दिसते एक, पण आहे जोडी. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. उजेड जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, मग पाचेक तासांत पूर्ववत.

हा ठरलेला काळ १७८२-८३ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकनं शोधला. वय १८, कानानं बहिरा. नुसत्या डोळ्यांनी बघायचा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून वेळेसकट लिहायचा.

काही साहेब मंडळी म्हणतात, शेतकऱ्याचा नजरअंदाज धरता येत नाही. मला हे अजिबात पटत नाही! पण चूक आपलीही आहे. "मागच्या आठवड्यात कधीतरी घाटेअळी दिसली" याला नोंद कोण म्हणेल? तारीख नाही, किती झाडांवर ते नाही.

मंगळवारी रात्री ११ ला मायावती सगळ्यात मंद दिसली. हिशेबानं शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास परत. आभाळ मोकळं असलं तर बघा, आणि वेळ लिहून कळवा.