प्लायवूडचा शिक्का आपणच वाचूया

नवीन घर घ्यायचं किंवा जुन्याची डागडुजी करायची म्हटलं, की टाइल्सचा रंग आणि सनमायकाचं डिझाइन आपल्याला आवर्जून विचारलं जातं. ‘तुझं स्वयंपाकघर, तू पसंत कर!’ पण सनमायकाच्या आत कोणता प्लाय जाणार, हे घरातली पुरुषमंडळी आणि सुतार दुकानात उभ्या उभ्या ठरवून येतात. दोन-तीन पावसाळ्यांत सिंकखालचं कपाट फुगलं, की बोल मात्र आपल्याला. ‘तुम्ही बायका फार पाणी सांडता!’

मैत्रिणींनो, सिंकखाली पाणी येणारच. ते सोसेल असा प्लाय तिथे लावला होता का, हा खरा प्रश्न. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून ट्रॉल्या करून घेतल्या. हप्ते फिटायच्या आधीच कपाटाचे पापुद्रे सुटले. बिलावर नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलेलं. ना ग्रेड, ना कंपनी. मग भांडणार कशाच्या जोरावर?

खरं तर प्रकरण अवघड नाही. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेला तक्ता. पाण्यात तो किती टिकेल, हे मुख्यतः आतल्या गोंदावर ठरतं. ‘एमआर’ म्हणजे साधा कमर्शियल प्लाय. तो हवेतला दमटपणा सोसतो, पाणी नाही. ‘बीडब्ल्यूआर’ त्याहून पक्का. मरीन प्लायवर ‘आयएस 710’ असतं. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. एक गोम लक्षात ठेवा. ‘आयएस 303’ हा आकडा एमआर आणि बीडब्ल्यूआर दोन्हींवर असतो. म्हणून नुसतं ‘303 आहे’ सांगितलं, तर पुढची अक्षरंही वाचा.

मग सगळीकडे महागातलाच घ्यायचा का? मुळीच नाही. कोरड्या खोलीतलं कपाट, दिवाण यांना एमआर पुरतो. ओट्याखालच्या ट्रॉल्यांना बीडब्ल्यूआर. सिंकखाली आणि बाथरूमच्या ओलसर भिंतीलगत 710. सिंकखालच्या कपाटाला 8 बाय 4 फुटांचा साधारण एकच तक्ता लागतो. तिथे काटकसर नको. आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं.

दुकानात आपणही जायचं. तक्त्यावर आयएसआयचा शिक्का, ग्रेड आणि लायसन्स नंबर बघायचा. तो नंबर ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. बिलावर कंपनी, ग्रेड आणि जाडी लिहून घ्यायची. बीडब्ल्यूआर किंवा 710 घेतला असेल, तर सुताराकडून एक तुकडा मागून जुन्या डब्यात, अंगणातल्या चुलीवर चार-पाच तास उकळून पाहा. पापुद्रे सुटले, तर बाकीचे तक्ते कापायच्या आधीच परत करा.

काही सुतारांना दुकानातून कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. सगळेच तसे नसतात; चांगल्या कारागिराला तुमच्या प्रश्नांचा राग येणार नाही. ‘तुला त्यातलं काय कळतं?’ असं घरात कुणी म्हणालंच, तर शांतपणे सांगा, ‘या ओट्याशी रोज मी उभी राहते. प्लायही मीच बघणार.’