शस्त्राविना शवपरीक्षा

घरातील कुणी अपघाताने गेले, की शवविच्छेदनाच्या कल्पनेनेच आप्तांचे मन विदीर्ण होते. विज्ञानाने आता यावर एक सौम्य मार्ग दाखविला आहे. लेसर किरणांनी देहावरील जखमांची सूक्ष्म मापे घेता येतात, सी. टी. स्कॅन यंत्र आतील अस्थिभंग व रक्तस्राव दाखविते. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२१ साली सी. टी. स्कॅनद्वारे अशी परीक्षा सुरू झाली. विषप्रयोगाचा संशय असल्यास मात्र अवयवांचे नमुने घ्यावेच लागतात. तेथे आप्तांनी अडून बसू नये. मृतास अखंड देहाने निरोप द्यावा, ही ओढ खरीच. परंतु वाचकहो, त्याच्या मृत्यूचे सत्य उजेडात येऊ देणे, हेही आम्ही त्याचे अखेरचे ऋणच मानतो.