वॉशिंग्टनची झेप: श्रेय एकट्या प्रशिक्षकाचे नव्हे

वॉशिंग्टन, २७ जानेवारी: फिलाडेल्फिया ईगल्सने रविवारी घरच्या मैदानावर वॉशिंग्टन कमांडर्सचा ५५-२३ असा धुव्वा उडवला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील (एनएफएल) यंदाच्या मोसमातील सर्वांत अनपेक्षित वाटचाल संपुष्टात आली. सुपर बोल हा विजेतेपदाचा सामना गाठण्यासाठी वॉशिंग्टनला आणखी एकच विजय हवा होता. या संघाने गेल्या मोसमात १७ पैकी १३ सामने गमावले होते. यंदा १२ जिंकले आणि त्यानंतर बाद फेरीत टाम्पा बे व डेट्रॉइट यांना त्यांच्याच मैदानावर पराभूत केले. संघाने सुपर बोलच्या इतके जवळ जाण्याची १९९१ च्या मोसमानंतरची ही पहिलीच वेळ.

मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांचे हे पहिले वर्ष. साहजिकच कौतुकाचा मोठा वाटा त्यांच्याकडे चालला आहे. तो त्यांना द्यावा, पण हिशेब तपासून.

क्विन यांची निवड झाली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये फारसा उत्साह नव्हता. संघाला डेट्रॉइटचे आक्रमण प्रशिक्षक बेन जॉन्सन हवे होते, अशी त्या वेळची वृत्ते होती. जॉन्सन यांनी माघार घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विन यांची नियुक्ती झाली. त्यांच्या नावाला एक जुनी जखमही चिकटलेली होती. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये त्यांचा अटलांटा संघ २८-३ असा आघाडीवर असताना ३४-२८ ने हरला. २०२० मध्ये सलग पाच पराभवांनंतर अटलांटाने त्यांना पदावरून दूर केले.

यंदाच्या यशाला तीन वर्षांतील घडामोडींची पार्श्वभूमी आहे. डॅन स्नायडर यांच्या दीर्घ आणि वादग्रस्त मालकीनंतर जुलै २०२३ मध्ये जोश हॅरिस यांच्या गटाने ६.०५ अब्ज डॉलरला संघ विकत घेतला. नव्या व्यवस्थापनाने खेळाडूंच्या निवडीचे अधिकार ॲडम पीटर्स यांच्याकडे दिले. शिवाय एनएफएलचे नियम तळाच्या संघाला हात देतात. जो संघ जितका खाली, त्याला महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तितका आधीचा क्रमांक मिळतो. आयपीएलसारखी बोली येथे नसते. नवख्याचे मानधन निवडीच्या क्रमांकाशी बांधलेले असते. दुसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टनने क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स याला घेतले. त्याने २५ टचडाउन पास दिले आणि स्वतः धावून ८९१ यार्ड मिळवले. नवख्या क्वार्टरबॅकसाठी हा विक्रम आहे.

मग प्रशिक्षकाचे काय? याचे उत्तर शेजारच्या दोन संघांकडे पाहिल्यास मिळते. न्यू इंग्लंडचीही गेल्या मोसमातील कामगिरी ४ विजय, १३ पराभव अशीच होती. त्यांनीही तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक निवडला आणि नवा मुख्य प्रशिक्षक नेमला. वर्षअखेरीस आकडे पुन्हा ४ आणि १३ असेच राहिले आणि जेरॉड मेयो यांची एका मोसमातच गच्छंती झाली. शिकागोकडे तर पहिल्या क्रमांकाची निवड होती. २७ ऑक्टोबरला वॉशिंग्टनने सामन्याच्या अखेरच्या क्षणी ५२ यार्डांचा हवेतील पास झेलून शिकागोला १८-१५ असे हरवले. त्या सामन्यापूर्वी चार विजय मिळवलेला शिकागो संघ त्या दिवसापासून सलग दहा सामने हरला. मोसम संपण्यापूर्वीच त्याच्या प्रशिक्षकाला घरी जावे लागले. तेव्हा चांगला क्रमांक मिळाला म्हणून संघ उभा राहतोच असे नाही.

क्विन यांचा ठसा दिसतो तो चौथ्या प्रयत्नात. या खेळात १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चौथा फसला तर चेंडू जागच्या जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो, म्हणून बहुतेक वेळा तो लाथेने दूर मारला जातो. वॉशिंग्टनने नियमित मोसमात २३ वेळा हा धोका पत्करला आणि २० वेळा यश मिळवले. नवख्या खेळाडूच्या हाती असा निर्णायक चेंडू पुन्हा पुन्हा सोपवणे हा विश्वासाचा भाग आहे, आणि तो प्रशिक्षकच दाखवू शकतो. आक्रमणाची आखणी त्यांनी क्लिफ किंग्सबरी यांच्यावर सोपवली आणि त्यात ढवळाढवळ केल्याचे दिसले नाही. बॉबी वॅग्नर, झॅक अर्ट्झ असे मुरलेले खेळाडू त्यांच्या काळातच संघात आले.

नशिबाचाही भाग मोठा होता, हे मात्र सांगितले पाहिजे. शिकागो, न्यू ऑर्लिन्स, फिलाडेल्फिया, अटलांटा आणि डॅलस यांच्याविरुद्धचे पाच विजय शेवटच्या क्षणी किंवा जादा वेळेत मिळाले. टाम्पा बेविरुद्ध विजयी लाथेचा चेंडू खांबाला आपटून आत गेला. डेट्रॉइटने तर स्वतःच पाच वेळा चेंडू गमावला.

आणि ज्यासाठी क्विन ओळखले जातात तो बचावच शेवटी उघडा पडला. गेल्या मोसमात ५१८ गुण देणाऱ्या संघाने यंदा ३९१ दिले, ही सुधारणा खरी. पण धावत येणारा प्रतिस्पर्धी रोखणे वर्षभर जमले नाही. रविवारी ईगल्सच्या पहिल्याच डावपेचात सॅक्वॉन बार्कली ६० यार्ड धावत गेला, तेव्हा ते सर्वांसमोर आले. वॉशिंग्टनने स्वतः चार वेळा चेंडू गमावला ते वेगळेच.

संघाच्या कामगिरीला मैदानाबाहेरही वजन आले आहे. १९९६ पर्यंत संघ ज्या आरएफके स्टेडियमवर खेळत असे, त्या जागेचे नियंत्रण राजधानीच्या प्रशासनाकडे देणाऱ्या कायद्यावर याच महिन्यात स्वाक्षरी झाली. सध्या मेरीलँडमधील लँडोव्हर येथे खेळणारा संघ शहरात परतणार का आणि त्यासाठी करदात्यांचा किती पैसा लागेल, या वाटाघाटीत १२ विजयांचा संघ ४ विजयांच्या संघापेक्षा मोकळेपणाने बोलू शकतो.

पुढील मोसमात तळाच्या संघाची सवलत नसेल. एप्रिलमधील निवडीत वॉशिंग्टनचा क्रमांक २९ वा आहे, आणि बचावाच्या आघाडीच्या फळीत बदल करायचे झाल्यास ते तिथूनच करावे लागतील.