टाळ्या गच्चीत, कडी दाराला

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपल्या शहरांतील सुखवस्तू वर्ग गच्चीत आणि सज्जात येऊन उभा राहिला. त्याने टाळ्या वाजविल्या, थाळ्या बडविल्या, शंख फुंकले. करोनाच्या रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार यांच्याविषयीची ती कृतज्ञता होती. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो नाद विरतो न विरतो तोच ठिकठिकाणच्या घरमालकांनी त्याच परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना खोली रिकामी करावयास फर्माविले. महिनाभरात हा छळ इतका वाढला की २२ एप्रिल रोजी केंद्र सरकारला तो अजामीनपात्र गुन्हा ठरविणारा अध्यादेश काढावा लागला. या टाळ्यांत आणि या हकालपट्टीत अनेकांना विसंगती दिसली. आम्हांला ती दिसत नाही. टाळीला काही पडत नव्हते. खोली मात्र द्यावी लागणार होती.

"भीतीने माणूस सैरभैर होतो, त्यात उच्चनीच कसले पाहता?" असे कोणी विचारील. भीती वाटणे स्वाभाविक होते हे आम्हांस मान्य आहे. नव्या विषाणूवर औषध नव्हते, लस नव्हती, तो कसा पसरतो याविषयी तज्ज्ञांतही एकवाक्यता नव्हती. अशा वेळी जो भ्याला नाही तो शूर नव्हे, बेफिकीर म्हणावयाचा. तेव्हा भीती का वाटली हा आमचा प्रश्नच नाही. त्या भीतीने बोट कोणाकडे दाखविले, हा आहे. भीती उपजत असते. तिचे बोट मात्र समाज वळवितो.

वस्तुस्थिती अशी की हा रोग विमानाने आला. देशातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला, तो वुहानहून परतलेल्या विद्यार्थिनीच्या रूपाने. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले. ते दुबईचा प्रवास करून आले होते. या प्रवाशांचा काही अपराध नव्हता आणि आरंभी त्यांनाही लोकांनी सोडले नाही. हातावर विलगीकरणाचा शिक्का असलेल्या माणसांना रेल्वेच्या डब्यांतून उतरविण्यात आले. पण त्यांच्यावरील संशय लवकर ओसरला, आणि जे कधी विमानात बसले नव्हते त्यांच्यावर येऊन स्थिरावला. मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना आपल्याच देशातील रस्त्यांवर 'करोना' म्हणून हाका मारण्यात आल्या. त्याविरुद्ध २१ मार्च रोजी गृहमंत्रालयास राज्यांना सूचना धाडावी लागली. भाजीच्या गाडीवाल्यास भाव विचारण्याआधी नाव विचारले जाऊ लागले. घरकाम करणाऱ्या बाईला संकुलाच्या फाटकातच थोपविण्यात आले, आणि परदेशातून परतलेला शेजारी मात्र उद्वाहनाने वर गेला.

दिल्लीतील तबलिगी जमातच्या मेळाव्याचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. साथीच्या तोंडावर हजारोंनी एकत्र राहणे ही गंभीर चूक होती. तिच्यावर पांघरूण घालण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु एका मेळाव्याच्या चुकीचे खापर संपूर्ण समाजाच्या माथी फोडण्यात आले आणि वृत्तवाहिन्यांनी दिवसरात्र तेच दळण दळले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणातील परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आल्याकडे स्पष्ट निर्देश केला. निकाल लागला, पण तोवर कित्येक गल्ल्यांतील फेरीवाल्यांचा धंदा बुडून गेला होता. तो त्यांना कोण भरून देणार?

येथे कोणी आम्हांला खेड्यांची आठवण करून देईल. गणपतीला ज्या चाकरमान्यांची वाट पाहिली जाते त्यांच्याच वाटेवर कोकणातल्या गावांनी २०२० च्या वसंतात दगड आणि ओंडके आणून टाकले, हे खरेच आहे. गरीब माणूस भयापोटी निर्दय होत नाही असा आमचा दावा नाही. पण त्या गावाची बाजूही पाहा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोसभर दूर, तेथे डॉक्टर असेल याची खात्री नाही, प्राणवायूची सोय नाही. ज्याला दवाखाना नाही तो कुंपण घालतो. ज्यांच्या खिशात विम्याचे कार्ड होते आणि दाराशी मोटार होती, त्या संकुलांना मात्र ही सबब मिळावयाची नाही.

आणि या साऱ्यावर मुलामा चढविला एका शब्दाने. माणसांनी परस्परांपासून दोन हात दूर उभे राहावे, हा सल्ला शास्त्रशुद्ध होता. पण त्याला नाव मिळाले 'सामाजिक अंतर'. ज्या महाराष्ट्रात गावकुसाबाहेर वस्त्या होत्या आणि पाणवठे वेगळे होते, तेथे हा शब्द कोणालाही खटकू नये? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द जवळ केला. आम्ही मात्र जुनाच शब्द घट्ट धरून ठेवला. कदाचित तो आमच्या सवयीचा होता म्हणून. शिवाय हे अंतर राखावयाचे कोठे? १ एप्रिल रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळला. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे, एका खोलीत सात-आठ जण आणि शौचालय सार्वजनिक. अशा माणसाला "घरात राहा" म्हणणे सोपे. पण त्याचे घर म्हणजे केवळ झोपण्याची पाळी होती.

राज्यकर्त्यांना लोकांची ही मनःस्थिती सोयीचीच होती. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. कामगार पायी निघाले तेव्हा शहरांनी त्यांना रोगवाहक ठरविले. ३१ मार्च रोजी केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले की आता रस्त्यावर कोणीही नाही. ८ मे रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ जालन्याहून गावाकडे निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपी गेले असता मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. आणि सप्टेंबरात श्रम मंत्रालयाने संसदेस कळविले की वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची नोंद उपलब्ध नाही. लोक शेजाऱ्यावर संशय घेण्यात गुंतले असले की सरकारला हिशेब विचारण्यास कोणी उरत नाही.

२०२० मध्ये साथ हाताळण्यासाठी जो कायदा बाहेर काढण्यात आला, तो १८९७ चा. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. त्या सरकारनेही रोगाशी लढण्याऐवजी रोग्यांशी लढाई मांडली होती. पण त्याच साली, त्याच पुण्यात दुसरेही एक उत्तर दिले गेले होते. डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचविण्यासाठी सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेतले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. भय त्यांना नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांच्या भयाने दाराला कडी घातली नाही. प्रत्येकाने सावित्रीबाई व्हावे अशी अपेक्षा कोणी करू नये. नागरिकाला धैर्यावाचूनही सज्जन राहता यावे, एवढ्यासाठीच तर शासन असते.

म्हणून आमची मागणी भावनेची नसून हिशेबाची आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत संपली, वचन पुरे झाले नाही. घरोघर जाऊन रुग्ण शोधणाऱ्या आशा कार्यकर्त्यांचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये गौरव केला. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. म्हणजे मान आपण देतो, धनाचे पुढे पाहू.

नवा विषाणू पुन्हा येईल, याविषयी शास्त्रज्ञांना शंका नाही. त्या दिवशी गच्चीत कोण किती जोराने टाळी वाजवितो याला महत्त्व नाही. परिचारिकेला खोली, मजुराला मजुरी, गावाला दवाखाना आणि आशाला वेतन आधीच मिळालेले असेल, तर टाळीवाचूनही भागेल. ते मिळालेले नसेल, तर थाळ्या कितीही बडवा. कडी पुन्हा त्यांच्याच तोंडावर लागणार आहे.