तारेतला चमत्कार पडद्याआड तपासा

प्रति,
कार्यकर्ते, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती



ग्रहांच्या खड्यांनी नशीब बदलत नाही, हे तुम्ही गावोगाव सांगत आलात. तशीच समजूत संगीत ऐकण्याच्या शौकातही आहे: परदेशात काचेच्या बरणीतले खडे 'खोलीतला आवाज सुधारतात' म्हणून विकले गेले आहेत आणि ते घेणारे शिकलेले, विज्ञान मानणारे लोक आहेत. खास फ्यूज, वायर जमिनीपासून उचलून धरणारे ठोकळे, लाखांच्या घरातल्या स्पीकर-वायरी असा हा बाजार आहे. इंटरनेटवरून तो आमच्या अकोल्यातल्या गानरसिकांपर्यंतही पोचतो, म्हणून हे पत्र.

एक विनंती आधीच करतो, या शौकिनांची टिंगल नको. "लय फरक पडते बाप्पा," असं सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला फरक खरोखर जाणवतो. किंमत ठाऊक असली की मन ऐकण्यात भर घालतं. शिवाय आवाज जरासा वाढला, तरी कानाला तो मोठा न वाटता 'चांगला' वाटतो.

आता हिशेब बघा. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. त्याने आवाजात होणारी घट ०.१ डेसिबलपेक्षा कमी असते, ती कानाला कळत नाही. पॉवर केबलचं तर विचारूच नका. पारसच्या वीज केंद्रातून असो की आणखी कुठून, वीज कित्येक किलोमीटर ॲल्युमिनियमच्या उघड्या तारांवरून, डीपीतून, घरातल्या साध्या वायरिंगमधून येते. शेवटच्या दीड मीटरला चांदीचा मुलामा दिल्याने ती शुद्ध कशी होणार? अर्थिंग बिघडलं की स्पीकर गुणगुणतो हे खरं आहे, पण ते इलेक्ट्रिशियनचं काम.

२००७ मध्ये अमेरिकेत चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या एका वायरीबद्दल आव्हान दिलं होतं: न बघता तिला साध्या वायरीपासून ओळखा आणि दहा लाख डॉलर घ्या. बोलणी फिसकटली, चाचणी झालीच नाही. त्याच वर्षी मेयर आणि मोरान या अभ्यासकांनी जास्त तपशिलाचं रेकॉर्डिंग आणि सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग यांतला फरक लोकांना ओळखायला लावला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही एवढीच आली असती.

अशी चाचणी तुम्ही अकोल्यात जाहीरपणे घ्या. जाड पडदा लावा, साध्या आणि महागड्या अशा दोन्ही वायरींचा आवाज मीटरवर सारखा करा, क्रम नाण्याने ठरवा. कोणती वायर जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये, त्याच्याशी बोलणाऱ्यालाही कळू नये. ऐकणाऱ्याला सोळापैकी बारा वेळा ओळखता आलं, तर मी त्याला मान देईन, कारण निव्वळ योगायोगाने तसं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. कुणी जिंकला तर तेही तितक्याच मोठ्याने जाहीर करा.

त्याच दिवशी लोकांना खोलीचंही महत्त्व दाखवा. १८९५ पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाईन रात्री नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून एका व्याख्यानगृहात रचत, मोजत आणि पहाटेपूर्वी परत नेत. त्या सभागृहाचा साडेपाच सेकंदांचा घुमारा त्यांनी गाद्यांनी जवळजवळ एका सेकंदावर आणला. आमच्या घरांत टाइल्स, स्लॅब आणि उघड्या भिंती असतात, वर उन्हाळाभर कूलरची घरघर. विलंबित ख्यालातला हळू लागलेला षड्ज त्या गोंगाटात बुडतो, तो कोणती वायर वर काढणार? कापसाच्या या शहरात भिंतीला उभी करायला एक जुनी गादी मिळणं कठीण नाही. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढायला तर पैसाही लागत नाही. इतकं करून शिल्लक राहिलेल्या पैशांत माणूस चांगले स्पीकर घेईल, मैफलींना जाईल.

कूलर बंद असतात अशा थंडीच्या दिवसांत एक रविवार ठरवा. साध्या वायरी, मीटर आणि गाद्या मी आणतो. महागड्या वायरी त्यांच्या मालकांनी आणाव्यात, आपल्या आवडीच्या रेकॉर्डिंगसह.

आपला,
अकोल्यातील एक गानरसिक